एक वीट शिल्लक

"काय रे झिला, बापूस खंय गेलो? कामार?"

सकाळी मी दात घासायला गॅलरीत आलो की शेजारच्या दारातल्या स्टुलावरून हा प्रश्न यायचा. रोज. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असायचं, कारण माझे वडील डबा घेऊन थोड्याच वेळापूर्वी त्याच्याच गुडघ्यांना घासून गेलेले असायचे. पण दाजीकाकांना उत्तर नको असायचं. त्यांना 'कामार' हा शब्द हवा असायचा. तो ते असा उच्चारायचे, की वडील मिलमध्ये नसून दारूच्या गुत्त्यावर गेले आहेत असं मलाही वाटायला लागायचं.

दत्ताराम घाडी, म्हणजे आमचे दाजीकाका, संपावर होते. आता लालबागमध्ये कुणी म्हणेल, त्यात काय मोठं, सगळेच होते. खरं आहे. दाजीकाकांचं वेगळेपण इतकंच, की ते नंतरही संपावर राहिले. चाळीतले बाकीचे हळूहळू पांगले. कुणी गावी गेला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत साहेबांची पोरं शाळेत पोचवू लागला. दाजीकाका मात्र दारात स्टूल टाकून बसले. कुणी म्हणालंच, "दाजी, मोडला ना रे संप," तर ते शांतपणे विचारायचे, "मागे घेतलो म्हणान कोणी सांगल्यान? माका तरी कोणी सांगूक नाय."

आणि पंचाईत अशी, की हे खरं होतं. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही. सगळ्या गिरणगावात ही गोष्ट एकाच माणसाने मनावर घेतली, आणि तो आमच्या शेजारी राहत होता.

त्यांचा एक पक्का समज होता. दुसरीकडे कुठेही हजेरी लागली की मिलमधला आपला हक्क जातो. "माका नोकरी आसा," ते म्हणायचे, "ती बंद आसा, इतक्याच." हा कायदा त्यांना कुणी सांगितला देव जाणे. पण साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलेला माणूस दोन साच्यांवर एकाच वेळी उभा राहू शकत नाही, एवढं त्यांना कळत होतं, आणि बाकीचं जग त्यांनी त्यावरून बेतलं होतं. काकींचा वरळीचा भाऊ एकदा एका टॉवरमधली लिफ्टमनची नोकरी घेऊन आला. दाजीकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिफ्ट वर जाता, मगे खाली येता. बरा. पण माणूस खंय पोचता?" मेव्हणा चहा न पिता गेला.

संपावर असूनही ते रोज दाढी करायचे. पांढरा शर्ट, इस्त्री नसलेला पण स्वच्छ, केसांना तेल, पायात चप्पल. गबाळ्या माणसाला लोक बेकार म्हणतात, संपावरच्या माणसाने नीट राहावं, असं त्यांचं मत होतं. मत त्यांचं, आणि शर्ट धुवायच्या काकी.

माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण दाजीकाकांची निम्मी वाणी त्यांच्यावरच खर्च व्हायची. दोघे एका गावचे, एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर. संपाला वर्ष होत आलं तेव्हा वडील संप मोडून मिलच्या आत गेले. जाळी लावलेल्या गाडीत बसून, मागच्या गेटाने. मी शाळेत होतो. त्या महिन्यात आमच्या घरी पुन्हा भाताला वाफ आली आणि मी दोनदा मागून घेतला. भिंतीपलीकडे घाड्यांकडे पातळ पेज शिजते आहे हे मला वासावरून कळत होतं, तरी मागून घेतला. ही गोष्ट मी आयुष्यात इतक्या जणांना सांगितली आहे, की हल्ली बायको पानावर विचारते, "भात वाढू, की दाजीकाका आठवले?" अपराधी वाटून घेणं हा आमचा घरगुती उद्योग आहे. वडिलांनी तो सुरू केला, मी तो वाढवला.

त्या दिवसापासून दाजीकाका वडिलांशी बोलले नाहीत. पण चाळीत शेजाऱ्याशी न बोलणं ही चैन परवडत नाही. नळाला पाणी आल्याचं कुणीतरी सांगावंच लागतं. म्हणून त्यांनी पिंप नेमलं. दोन्ही दारांच्या मधोमध आमचं सामाईक पाण्याचं पिंप होतं. दाजीकाका त्याच्याकडे तोंड करून म्हणायचे, "पिंपा, सांग तेका, नळ इलो." वडील आतून म्हणायचे, "इलो तर भरतंय." एकदा वडिलांना ताप होता तेव्हा पिंपाला सांगण्यात आलं, "पिंपा, तेका सांग, काढ्यात आल्याचो तुकडो जास्ती घालूक. उगाच मरात, मगे मिलची हजेरी कोण लावतला?" त्या पिंपाने आमच्या दोन घरांचं जेवढं ऐकून घेतलं, तेवढं कुठल्याही नातेवाइकाने घेतलं नसेल.

आता त्या खेळाबद्दल.

माझा मामा बोटीवर होता. मी कॉलेजात असताना त्याने कुठल्याशा बंदरातून हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणला. राखाडी रंगाचा, विटेएवढा जाड, वर हिरवट काच. त्यात एकच खेळ होता. वर विटांची भिंत, खाली एक आडवी फळी, मध्ये एक चेंडू. फळी डावीउजवीकडे सरकवून चेंडू परतवायचा, चेंडूने विटा फोडायच्या. चेंडू फळीच्या खाली गेला की मेला. त्यात गाणं नव्हतं, गोष्ट नव्हती, राक्षस नव्हता. मामाने आणलं म्हणून मी ते भक्तिभावाने खेळत होतो.

"काय मारतस ता?" स्टुलावरून प्रश्न आला.

मी समजावलं. त्यांनी हात पुढे केला. "सोड. तुका जमाचा नाय."

त्यांनाही जमलं नाही. पहिला चेंडू फळीला शिवलाही नाही. दाजीकाका काचेकडे बघत राहिले.

"गेलो?"

"गेला. पण अजून आहेत काका. एक गेला की दुसरा येतो."

"म्हणजे बदली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिलमध्ये कायम कामगार गैरहजर राहिला, की गेटावर ताटकळणाऱ्यांतून एकाला आत घेत. त्याला बदली म्हणत. तो त्या दिवसापुरता दुसऱ्याच्या साच्यावर उभा राही. आजारपण दुसऱ्याचं, साचा दुसऱ्याचा, घाम तेवढा याचा. दाजीकाकांनी स्वतः कितीतरी वर्षं बदलीत काढली होती. त्यामुळे एक चेंडू मेल्यावर निमूटपणे दुसरा येऊन उभा राहतो, यात त्यांना काही नवल वाटलं नाही. उलट ते खूश झाले. "खेळ करणारो मिलीत होतो काय रे?"

सगळे बदलीही गेले. काचेवर इंग्रजी अक्षरं आली. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "कळला. गेट बंद."

फळीला त्यांनी 'धोटो' हे नाव दिलं. साच्यात सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. यामुळे ते खेळात पटाईत झाले असतील असा माझा भाबडा समज होता. तसं काही झालं नाही. कितीतरी दिवस ते हरत होते आणि यंत्राला शिव्या देत होते. "ह्यो मॅनेजमेंटचो माणूस आसा. धोटो हयसर आसा तर चेंडू थंय टाकता." जमायला लागलं ते निव्वळ वेळेमुळे. वेळ त्यांच्याकडे कुठल्याही गिरणी मालकापेक्षा जास्त होता.

ते यंत्र परत मागायची माझी कधी हिंमत झाली नाही. ज्या घरात पेज होती त्या घराला एक खेळणं देऊन टाकलं म्हणून मला उगाच हलकं वाटलं. किती स्वस्तात हलकं वाटून घेता येतं माणसाला!

मग खेळाची पाळी सुरू झाली. भोंगे बंद पडले होते, पण दाजीकाकांना भोंग्याची गरज नव्हती. सातला ते स्टुलावर ताठ बसायचे आणि बटण दाबायचे. मध्ये जेवणाची सुट्टी. खेळ थांबवून ठेवायचं एक बटण होतं, त्याचं नाव 'सुट्टी'. साडेतीनला यंत्र बंद. बंद केलं की त्याला काहीच आठवत नसे. दुसऱ्या दिवशी पहिल्या भिंतीपासून सुरुवात. "मॅनेजमेंटासारखी आठवण," दाजीकाका म्हणायचे. सेल उतरले की ते उन्हात वाळवायचे, म्हणजे आणखी थोडे चालायचे. गॅलरीच्या कठड्यावर काकींचे मीठ लावलेले बांगडे आणि दाजीकाकांचे सेल एका ओळीत वाळत पडत. काकी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "कालवणात सेल गेलो तर माका बोलाचा नाय. जेवल्यार तरी उठून चालूक लागशात."

काकींचं नाव इंदू. दाजीकाकांची जीभ सुरी असेल, तर त्या सुरीला धार कुठल्या दगडावर लागली हे काकींना पाहिल्यावर कळायचं. दादरच्या एका पोळीभाजी केंद्रात त्या पोळ्या लाटायच्या. पहाटे निघायच्या, दुपारी यायच्या, आणि स्टुलावरच्या कामगाराला विचारायच्या, "काय, उत्पादन किती झाला आज?"

"भिंत फोडलंय."

"आणि पगार?"

"थकलो हा."

"मगे मी पण थकलंय म्हणाचा काय?"

यावर दाजीकाका पुन्हा काचेकडे वळायचे. ते फळी सरकवायचे.

एके दिवशी मी त्यांच्या मागे उभा राहून खेळ पाहत होतो. आता ते चांगले खेळत. सगळी भिंत उडाली होती, उजव्या कोपऱ्यात एकच वीट उरली होती. मी ओरडलो, "काका, त्या बाजूला मारा! एकच राहिली!" त्यांनी चेंडू मुद्दाम डावीकडे मारला. परत आला, पुन्हा डावीकडे. चेंडूचा वेग वाढत चालला होता, पण ते त्या विटेला धक्का लागू देत नव्हते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही.

"फोडा ना काका."

"फोडलंय तर काय होतला?"

"ही भिंत संपेल. पुढची येईल."

"तशीच?"

"जवळजवळ तशीच. जरा कठीण."

"मगे?" ते म्हणाले. "कोणासाठी फोडू? वीट आसा तवर चेंडू माझो. वीट गेली की नवीन भिंत तेंची." आणि साडेतीन वाजेपर्यंत ते एका विटेला राखत चेंडू खेळवत राहिले. मग यंत्र बंद करून चहा प्यायले.

मला ते फार थोर वाटलं. त्या वयात मला बरंच काही थोर वाटत असे. आत काकी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आसा. तुमी वीट राखा. मी तवर पोळ्ये लाटतंय." आणि माझ्याकडे बघून, "तू कित्या माना डोलवतस रे? जा, अभ्यास कर."

साधारण त्याच सुमाराला शिवाजी पार्कची एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन चाळीत आली. गिरणी कामगारांवर प्रबंध लिहीत होती. फार सज्जन मुलगी. जमिनीवर बसायला तयार होती. तिला संपावरचा माणूस हवा होता, आणि तो अजून संपावरच आहे म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. दाजीकाका खुलले. गेट मीटिंगा, मोर्चे, रेशन, पोलिसांच्या लाठ्या, सगळं सांगून झालं. शेवटी तिने विचारलं, "काका, इतकी वर्षं हा लढा चालू ठेवायचं बळ तुम्हाला कुठून मिळतं?"

दाजीकाका विचारात पडले. प्रश्नाचा आकार मोठा होता. तेवढ्यात काकी चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "बाई, ता माका इचारा. ह्ये संपार आसत. मी थोडीच आसंय?"

मुलीने घाईघाईने टेपकडे पाहिलं. टेप संपली होती. काकी हसल्या. "ऱ्हवांदे. माझा ऐकलास, तर तुमका पयल्यापासून लिवचा लागात."

त्या संध्याकाळी दाजीकाका पिंपालासुद्धा काही बोलले नाहीत.

दरम्यान माझ्या वडिलांच्या वाट्याला त्यांच्या कामसूपणाचं फळ आलं. जाळीच्या गाडीतून ज्यांना आत नेलं होतं, त्यांच्यासकट मिल बंद झाली. आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, दोघांना मिलने शेवटी सारखंच घरी बसवलं. समाजवाद यायचा राहिला, पण एवढा आला. काही वर्षं कुलूप होतं. मग साचेखात्याची शेड रंगवली गेली, आत थंड हवा सोडली गेली आणि साच्यांच्या जागी ओळीने व्हिडिओ गेमची यंत्रं बसली. गेटावर उभं राहायला कंत्राटदाराला माणसं हवी होती. वडील गेले. निळी वर्दी, डोक्यावर टोपी, छातीवर पितळी पट्टी: जी. सावंत. मोटार आली की दांडा वर करायचा आणि सलाम ठोकायचा. वडील तोही मन लावून ठोकायचे. ज्या शेडमध्ये ते कापड विणत होते, तिथे आता पोरं नाणी टाकून राक्षस मारत होती.

मी तोवर एका पतपेढीत चिकटलो होतो. मुंज्यासारखा सकाळी गॅलरीत यायचो, आणि स्टुलावरून तोच प्रश्न यायचा. "काय रे झिला, बापूस खंय गेलो? कामार?"

मग काकी पडल्या.

पोळीभाजी केंद्रातली फरशी ओली होती. उजव्या मनगटाचे दोन तुकडे. परळच्या हॉस्पिटलात प्लास्टर घातलं, आणि तरुण डॉक्टरने दिलासा दिला, "आजी, आता मस्त आराम करायचा." काकींनी त्याला विचारलं, "आराम खंय मेळता? चिठ्ठी लिवन दी." घरी आल्यावर त्या दाराशी पाय पसरून बसल्या, प्लास्टरचा हात मांडीवर एखाद्या परक्या वस्तूसारखा ठेवून. केंद्रात दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पाटावर दुसरी बाई बसली. हात जुळला तरी लाटणं धरायचा नव्हता, हे त्यांना डॉक्टरआधी कळलं होतं.

दाजीकाकांनी स्वयंपाक हाती घेतला. त्यांची पहिली भाकरी पाहून काकी म्हणाल्या, "ही खावची, की हिच्यात चेंडू मारूचो?" पण डब्यातले तांदूळ खाली गेले होते आणि हसण्यावर किती दिवस निघणार हे दोघांनाही दिसत होतं. माझी आई वाटीभर आमटी घेऊन जायची. काकी ती घ्यायच्या, दाजीकाका तिला हात लावायचे नाहीत. सावंतांच्या घरची आमटी ही हजेरीची आमटी होती.

वडील एका संध्याकाळी दारात उभे राहिले. पिंपाच्या या बाजूला.

"दाजी, गेटार एक जागा आसा."

दाजीकाका स्टुलावर होते. त्यांनी पिंपाकडे मान वळवली. "पिंपा, तुका काय ऐकाक इला? माका काय नाय."

"माझ्या शब्दार घेतत. उद्या ये."

"पिंपा, तेका सांग. मी संपार आसंय. माका नोकरी आसा."

वडील आत आले, टोपी काढली आणि बराच वेळ ती हातात फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजीकाका चूल आवरायला आत गेले होते. यंत्र स्टुलावर ठेवलेलं, 'सुट्टी'वर. काचेवर रिकामी पाटी, एका कोपऱ्यात एकच वीट. मी जेवायला घरी आलो होतो, गॅलरीत हात धूत होतो. काकींनी डाव्या हाताने यंत्र ओढून घेतलं. मांडीवर, प्लास्टरला टेकवून धरलं, आणि डाव्या अंगठ्याने सुट्टी उठवली. चेंडू सुटला. त्यांनी ते यंत्र आधी कधी हातात घेतलं नव्हतं. पण इतकी वर्षं समोर बसून पाहिल्यावर दगडालाही खेळता आलं असतं. फळी एकदा सरकली, चेंडू तिरका गेला, कोपऱ्यातली वीट उडाली. यंत्राने एक टिंगटिंग असा आनंदी आवाज केला. दाजीकाका वीट राखायला लागल्यापासून तो आवाज आमच्या गॅलरीत कुणी ऐकला नव्हता.

दाजीकाका हातातला काथ्या तसाच घेऊन दारात आले.

"फोडलंस?"

"फोडलंय." काकींनी काच त्यांच्याकडे केली. "ही बघा, नवीन भिंत इली. मी मेलंय? तुमी मेलास? छप्पर पडला?"

काचेवर नवी भिंत होती, आणि तिच्या खाली चेंडू मुकाट्याने पडून मेला. मग त्याच्या जागी बदली आला.

तो काचेवरचा बदली माझ्या वडिलांनी पाहिला नव्हता. तरी दोन दिवसांनी ते जे घेऊन आले, ते त्याच जातीचं होतं. मी त्यांच्या डोक्याचं कधी फार कौतुक केलं नाही, पण ही युक्ती त्यांची.

ऐन मे महिन्यात ते गळ्याला मफलर गुंडाळून गॅलरीत आले आणि खोकले. इतका वाईट अभिनय मी नंतर कधी पाहिला नाही.

"दाजी, माका बरा वाटत नाय. गेटार माझ्या जागी बदली व्हयो."

दाजीकाकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पिंपा, ह्यो माणूस आजारी आसा म्हणता. मे महिन्यात मफलर घालून. तेका इचार, कसला दुखणा?"

"आसा कायतरी."

"दाक्तर काय म्हणता?"

"दाक्तराक काय कळता?"

"कितक्या दिवसांसाठी?"

"माका बरा वाटापर्यंत."

आतून काकींचा आवाज आला, "बदली म्हणजे नोकरी नव्हे. हजेरी सावंतांची लागतली."

दाजीकाका उठले. स्टूल भिंतीला लावलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पिंपाला वगळून, सरळ माझ्या वडिलांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "वर्दी खंय आसा?"

अशा रीतीने दाजीकाका घाडी संप न मोडता मिलच्या गेटावर उभे राहिले. वर्दी खांद्यांत घट्ट होती. छातीवर पट्टी: जी. सावंत. कंत्राटदाराने हरकत घेतली नाही. आत कोणता माणूस आहे याच्याशी मिलला कधी कर्तव्य नव्हतं. कंत्राटदाराला तर वर्दी उभी दिसली की पुरे. पगार माझ्या वडिलांच्या नावाने यायचा आणि आई तो काकींच्या हातात द्यायची. चौघांपैकी कुणीही त्याविषयी कधी अवाक्षर काढलं नाही. आणि आमच्या घरी माझा पगार येत होता, तेव्हा उपाशी कुणी मरणार नव्हतं. हे सांगताना मला बरं वाटतं, म्हणून सांगतो.

एक अडचण झाली. वडिलांना आजारी राहावं लागलं. बरे झाले की बदली संपली! म्हणून ते जी वर्षं जगले ती मफलर घालून. बाजारात जाताना मफलर, गणपतीत मफलर, माझ्या लग्नातही फेट्याखाली मफलर. दाजीकाका घरी यायच्या वेळी ते आठवणीने दोनदा खोकायचे. दाजीकाका पिंपाशी थांबून म्हणायचे, "अजून बरा नाय वाटत?" वडील म्हणायचे, "नाय बा." "मगे आता उद्या परत जावचा लागात," असं पुटपुटत ते आत जायचे, जणू वडिलांनी त्यांच्यावर केवढी जबरदस्ती केली होती.

गेटावरच्या त्यांच्या कामाबद्दल एकच तक्रार होती. ते सलाम ठोकत नसत. मोटार आली की दांडा वर जायचा, पण हात वर जायचा नाही. सुपरवायझर ओरडला तर म्हणायचे, "मी बदली आसंय. सलाम कायम माणसाचो." कुठल्यातरी यंत्रावर पोरगं भिंत फोडत असलं तर मात्र सुट्टीत ते आत जाऊन मागे उभे राहत. त्या शेडमध्ये त्यांचा साचा नेमका कुठे होता हे मी एकदा विचारलं. त्यांनी शीतपेयाच्या कपाटाकडे बोट केलं. "थंय. आता थंड असता."

खोट्या खोकल्याची घरात इतकी सवय झाली होती, की खरा सुरू झाला तेव्हा कुणाला कळलं नाही. आम्ही हसत होतो. मी तर नक्कल करून दाखवायचो. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. साच्यांवरच्या कापसाने ते काम आधीच करून ठेवलं होतं. वडील एका सकाळी, दाजीकाका पाळीवर गेल्यानंतर, गेले. गळ्यात मफलर होता. आईने तो काढू दिला नाही.

बहीण पुण्याहून यायची होती, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं. दाजीकाकांना सांगायला मी गेटावर गेलो. ऊन तापलं होतं. सुपरवायझर आतून ओरडत होता, "ओ सावंत! सावंत, दांडा!" आणि दाजीकाका त्या नावाला सहज वळले, वर्षानुवर्षं वळत असल्यासारखे. वळताना त्यांना मी दिसलो.

"काय रे झिला," ते सवयीने म्हणाले, "बापूस खंय..."

पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. माझ्या चेहऱ्यावर उत्तर होतं.

मी म्हणालो, "चला काका. मी सुपरवायझरला सांगतो." त्यांनी घड्याळ पाहिलं. मान हलवली.

"तू जा घराक. माझी पाळी साडेतीनाक सुटतली."

"काका, आता कसली पाळी? ज्यांच्या जागी..."

"म्हणानच." त्यांनी छातीवरची पितळी पट्टी तळहाताने पुसली. "आज तुझ्या बापाशीची हजेरी लागाक व्हयी. पुरी. अर्धी नाय."

मी निघालो. रस्ता ओलांडून मागे पाहिलं. एक लांबलचक गाडी गेटाशी आली होती, काचा काळ्या. दाजीकाकांनी दांडा वर केला. मग टाचा जुळवल्या, टोपी नीट केली आणि हात कपाळाला लावला, कडक, माझे वडील ठोकायचे तसा. गाडीतल्या कुणी पाहिलंसुद्धा नाही. गाडी आत गेली, धूळ बसली, तरी तो हात खाली आला नव्हता.